शिजवलेला उजेड

"जेवलात का?" असं शेजाऱ्यानं विचारलं तर त्यात नवल काही नाही. आमचे शेजारी भोयरजी विचारायचे, "बाई, आज उजेड जेवल्या का?" आपण गडबडून "हो" म्हटलं की पुढचा प्रश्न तयार. "कच्चा, का शिजवून?"

पहिल्यांदा हा प्रश्न कानावर आला तेव्हा मी वाडीत नवीनच राहायला आले होते. हातात पाण्याची बादली, शाळेची घाई, आणि समोर हा उंच, वाळका माणूस. लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, तिथं यांचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. काखेत कागदात गुंडाळलेला बल्ब. मी मनात म्हटलं, झालं, वेडा शेजार मिळाला. मी गणित शिकवते. माणसाबद्दल मत बनवायला मला वेळ लागत नाही आणि एकदा बनवलेलं मत मी सहसा बदलत नाही. भोयरजींच्या बाबतीत ते मला दोनदा बदलावं लागलं, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून पुरती माफी दिलेली नाही.

वाडी म्हणजे नागपूरची, अमरावती रोडवरची. पुढं ट्रान्सपोर्टची गोदामं, मागं एका ओळीत आमच्या सात भाड्याच्या खोल्या, सातांत मिळून एक नळ, तोही सकाळी पाच ते सहा. दिवसरात्र ट्रक. घरात ट्यूबलाइट असणं ही अजून मिरवायची गोष्ट होती, तो काळ. पहिल्या खोलीत मी, दुसरीत भोयरजी. ते एकटेच राहत. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही.

त्यांचं म्हणणं असं की उजेड हे अन्न आहे आणि ते डोळ्यांनी खाल्लं तरी पोटापर्यंत जातं. सकाळचा उजेड कच्चा खायचा, म्हणजे उघड्या डोक्यानं, अंगणात, उगवतीकडे तोंड करून. दुपारचा गाळून घ्यायचा, वाळ्याच्या ताटीतून नाहीतर ओल्या पोत्यातून. आणि संध्याकाळचा मंद आचेवर शिजवायचा, चांगला पिवळा होईपर्यंत. "सांजच्याले पांढरा उजेड खाल्ला का समजा कच्ची कनिक खाल्ली," ते म्हणायचे. "पचत नाही जी! रातभर जळजळते."

दुसरा सिद्धांत उंचीचा. "सूर्य बुडतानी खाली येते का नाही? मंग सांजच्या टायमाले तुम्ही बल्ब काहून छताले टांगता? तो का पंखा आहे?" त्यांच्या स्वतःच्या खोलीत छताला काही म्हणून नव्हतं. सगळी बटणं आणि सगळे बल्ब गुडघ्याएवढ्या उंचीवर. एकाला बांबूची टोपली पालथी घातलेली, एकाला पळसाच्या पत्रावळीची टोपी, एकाला फुटक्या माठाचं बूड. आत गेलं की आपली सावली भिंतीवर चढून छतापर्यंत जायची आणि भोयरजींची तर छतावरून पलीकडे उतरायची. जास्तीचे बल्ब संत्र्याच्या पेटीत, तणसात ठेवलेले. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी. चहाचा. पोथीचा. पाहुण्याचा. आणि एका शंभराच्या बल्बावर लिहिलेलं, भांडणाचा.

"शंभराच्या बल्बाखाली कोनाचंच तोंड चांगलं दिसत नाही बाई," त्यांनी मला समजावून सांगितलं. "नवऱ्याले बायकोचं नाही अन् बायकोले नवऱ्याचं नाही. मंग भांडन नाही होईल तर का भजन होईल?"

यावर ते नुसतं बोलून थांबत नसत. चौथ्या खोलीतले गोदामाचे मुनीम तिवारीजी आणि त्यांची बायको रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला भांडायला बसत. एकदा दोघं देवळात गेलेली पाहून भोयरजींनी खिडकीतून हात घालून खिडकीलगतचा त्यांचा शंभराचा बल्ब काढला आणि पंचविसाचा लावला. आठ दिवस त्या घरातून आवाज नाही. नवव्या दिवशी तिवारीजींना पत्ता लागला आणि ते अंगणात येऊन भोयरजींवर तुटून पडले. भोयरजींनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हा बघ्यांकडे वळून म्हणाले, "पाहा, पाहा! बाहेर येऊन भांडून राहिले ना? घरात जमत नाही आता त्याइले."

हे सगळं त्यांच्या डोक्यात भरलं ते खाणीत. कन्हानकडे एका कोळशाच्या खाणीत ते अठ्ठावीस वर्षं दिवाघरात होते. दिवाघर म्हणजे जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला डोक्याला लावायचा दिवा देण्याची खिडकी. माणूस आपला पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा आणि दिवा घ्यायचा. पाळी संपली की दिवा परत आणि बिल्ला परत. खिळ्याला एक बिल्ला लटकलेला राहिला की भोयरजी खिडकी सोडत नसत, तो कोण आणि अजून वर का आला नाही ते कळेपर्यंत. "खालून वर येनारा मानूस मले पहिले का विचारे, सांगा?" ते म्हणत. "पगार नाही, घर नाही. 'सांज का सकाळ?' हेच विचारे. त्याच्या पोटातलं घड्याळच बंद पडलेलं राहे. मंग त्यानं घरी जाऊन झोपावं कसं?" हे ऐकल्यावर मी माझं पहिलं मत खोडलं. माणूस वेडा नव्हता.

पण उपद्रवी होता! समोरच्या शिंप्याला त्यांनी संध्याकाळी शिजवलेल्या उजेडात शिवायला बसवलं. त्या पिवळ्या उजेडात त्याला पांढरं कापड आणि फिक्कं पिवळं कापड यांत फरक कळेना. सोमवारी प्रार्थनेला माझ्या वर्गातल्या चार मुली पिवळ्या बाह्यांची पांढरी पोलकी घालून उभ्या. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच शिवलं होतं. मी घरी येऊन भोयरजींना फैलावर घेतलं. ते मान खाली घालून म्हणाले, "कामाचा उजेड वेगळा अन् आरामाचा वेगळा, हे त्याले सांगायचंच राहून गेलं बाई." मग दोन दिवस स्वतः ओट्यावर बसून त्यांनी त्या आठही बाह्या उसवून दिल्या. माझं दुसरं मत मात्र पक्कं झालं. या माणसाला आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी बाबांना घेऊन आले.

बाबा काटोलकडे आमच्या गावी, माझ्या मोठ्या भावाकडे असत. आई गेली आणि त्यांचं दिवसरात्रीचं गणित चुकलं. दिवसा झोपायचे आणि अंधार पडला की उठून वावरात निघायचे. दादा वाईट नाही. पेरणी, ढोरं, लेकरं, त्यात हे. दोनदा तो त्यांना विहिरीच्या काठावरून हाताला धरून घेऊन आला होता. मी सुट्टीत गेले तर बाबांच्या खोलीला बाहेरून कडी, आणि आतून त्यांच्या तळव्याची थाप. "उजाडलं ना गा, उघडा." बाहेर चांगलं चांदणं पडलं होतं. कडी वहिनीनंच काढली, आणि ती रडत होती. ती थाप माझ्यानं ऐकवेना. मी म्हटलं, बाबांना मी नेते.

दादा म्हणाला, "पोळ्यापर्यंत पाहाय कुसुम. नाही जमलं तर मी येऊन घेऊन जाईन. तुह्या दारापुढं ट्रक आहेत. इथं कडी तरी आहे." त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती, म्हणून मला जास्तच राग आला.

वाडीला आल्यावर मी सगळं हुशारीनं केलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगांचा चष्मा, म्हणून खास त्यांच्यासाठी नवी ट्यूबलाइट बसवली. दिवसा मी शाळेत असताना त्यांना त्रास नको म्हणून आतल्या खोलीची खिडकी लावून अंधार करून ठेवला. धंतोलीतल्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. गोळ्यांनी झोप आली, पण ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि संध्याकाळी मी घरी येऊन ट्यूब लावली की बाबा ताजेतवाने उठून बसत. "उजाडलं वं. राखुंडी दे."

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. बाबा लोटा घेऊन कधी बाहेर पडले, मला कळलं नाही. रस्त्यावर ट्रकनं करकचून ब्रेक मारल्याचा आवाज आला. मी धावले तर समोरून भोयरजी बाबांच्या दंडाला धरून त्यांना आणत होते. बाबा संतापलेले. "हा कोन आहे वं? मले वावरात जाऊ देत नाही."

मी भोयरजींचे आभार मानायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या नव्या ट्यूबकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही याइले रोज सांजच्याले सकाळ वाढून राहिल्या."

मी चिडले. म्हटलं, डॉक्टरांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं? ते म्हणाले, "डॉक्टर शहानाच आहे. पन त्यानं तुमची ट्यूब नाही पाहिली ना जी." पोळ्याला महिना उरला होता. मी बाजूला झाले आणि म्हटलं, या आत.

ते जे आत आले ते पेचकस काढूनच. ट्यूब उतरवली. रस्त्याकडच्या खिडकीला पोतं ठोकलं, कारण ट्रकचा उजेड रात्रभर भिंतीवरून पळायचा आणि बाबा त्याला वीज चमकली म्हणत. आतल्या खोलीची खिडकी मात्र सताड उघडली. "दिवसा या खोलीत झोपायचं नाही. हे खोली नाही, खान आहे." सकाळी साडेपाचला येऊन बाबांना अंगणात खुर्चीवर बसवायचं त्यांनी आपल्याकडे घेतलं. श्रावणाचे दिवस, आभाळ भरलेलं. मी म्हटलं, ऊन कुठं आहे? "ढगातून आला तरी कच्चाच असते जी!" दिवसा मी शाळेत गेले की बाबा पुढच्या ओट्यावर आणि शेजारी भोयरजी. दोघं मिळून येणारे-जाणारे ट्रक मोजत. बाबा त्यांना "भोयर गा" म्हणू लागले, आणि ट्रकांत हेले किती आणि गोऱ्हे किती अशी मोजदाद चाले. भरलेला ट्रक हेला, म्हणजे रेडा, आणि रिकामा ट्रक गोऱ्हा.

पण पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. भोयरजींनी आपल्या नियमाप्रमाणे पंधराचा बल्ब खाली ठेवला, थेट फरशीवर, कोपऱ्यात. वर टोपली. खोलीभर मऊ पिवळा उजेड पसरला आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. बाबा आतून आले. त्यांनी तो जमिनीवरचा दिवा बघितला आणि जागेवरच बसले. मग त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओक्साबोक्शी रडू लागले. "कोन गेलं वं? कुसुम, कोन गेलं?"

माझ्या लक्षात यायला क्षण लागला. माणूस जातो, तिथं जमिनीवर दिवा ठेवतात. आई गेली तेव्हा तेरा दिवस बाबा असल्याच एका दिव्यापुढं बसून होते.

मी भोयरजींना काय काय बोलले ते आता लिहवत नाही. तुमचा पेचकस घ्या आणि चालते व्हा, एवढं तर नक्कीच बोलले. ते बल्ब घेऊन गेले. मी ट्यूब पुन्हा लावायला स्टुलावर चढले, पण ती मला बसवता येईना. आम्ही दोघं बापलेक अंधारातच बसलो. अर्ध्या तासानं दारात खाकरल्याचा आवाज आला. भोयरजी. काखेत धान्य मोजायची जुनी लाकडी पायली.

"चुकलो बाई," ते म्हणाले. "मीबी ठेवला होता तसा दिवा. मले समजाले पायजे होतं."

त्यांनी पायली पालथी घातली, तिच्यावर बल्ब ठेवला आणि बाबांसमोर उकिडवे बसले. "बाबाजी, हा पायलीवरचा दिवा आहे. पायली म्हनजे खळं झालं, दाना घरात आला. कोनी गेलं नाही." बाबांनी पायलीला हात लावून पाहिला. तिच्या लोखंडी पट्टीवरून बोट फिरवलं. "पट्टी ढिली झाली गा हिची," ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

तरी बाबांना झोप काही येईना. उजेड शिजला, पण घड्याळ चालू होत नव्हतं. सहाव्या दिवशी भोयरजी एक कंदील घेऊन आले. मी म्हटलं, आता रॉकेलही? "लावायचा नाही जी. पुसायचा आहे." दिवस मावळायच्या सुमाराला त्यांनी बाबांच्या पुढ्यात कंदिलाची काच, चिमूटभर राख आणि फडकं ठेवलं. बाबांनी काच उचलली, आत राख टाकली, फडकं बोटाला गुंडाळून आत घातलं आणि फिरवू लागले. पन्नास वर्षं त्यांनी दिवेलागणीला हेच केलं होतं. हाताला सगळं पाठ होतं. काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिली, पुन्हा तोंडानं 'हा' करून पुसली. मग दाराबाहेर नजर टाकून सहज म्हणाले, "सांज झाली वं. चूल पेटवली का नाही?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. शाळेतल्या मुलींना सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. काच पुसायची, जेवायचं, पायलीवरचा दिवा लावायचा. आठ वाजता भोयरजी येऊन भिंतीशी खुर्चीवर बसायचे, तपासणीला म्हणून. मी दिव्यावरची टोपली आणखी खाली ओढली की त्यांचे डोळे मिटायचे. एकदा मी टोकलं, भोयरजी, ही कसली तपासणी? डोळे न उघडता म्हणाले, "उजेड बराबर आहे का नाही ते डोळे मिटूनच समजते बाई." मी मान्य केलं. बाबा साडेआठला आडवे व्हायचे. आधी दोन तास झोपले, मग चार, आणि मग एके दिवशी पहाटे नळाला पाणी आलं तरी त्यांचं घोरणं चालू होतं. माझं तिसरं मत झालं. माणूस शहाणा होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दादा आला. बाबांना घेऊन जायच्या तयारीनंच आला होता, वहिनीनं बाबांसाठी नवी सतरंजी टाकून ठेवल्याचंही सांगून टाकलं. आल्या आल्या खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "इतका अंधार काहून केला वं? फ्यूज गेला का?" मी म्हटलं, बस आणि बघ. भोयरजी आपल्या खुर्चीवर, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावून.

बाबांनी काच पुसली. जेवले. दादाशी बैलांच्या झुलीबद्दल बोलले, आणि ते बोलणं सगळं ठिकाणावर होतं. साडेआठला म्हणाले, "मी पडतो गा आता," आणि झोपले. दादा विश्वास ठेवायला तयार नव्हता. "आता उठतील पाहाय. दहा वाजू दे. मी इथंच बसून राहतो, मले काही झोप..." एवढं बोलून दादा तक्क्यावर कलंडला तो सकाळीच उठला. बाबा त्याच्या आधी उठून अंगणात कच्चा उजेड खात बसले होते.

दादानं चहा घेतला. दोनदा घसा साफ केला. मग विचारलं, "तो टोपलीतला बल्ब किती पावरचा आहे?" आणि जाताना म्हणाला, "राहू दे त्याइले इथं. घरी जाऊन मी ते कडी काढून टाकतो." दादा एकटाच बसमध्ये चढला. मी इतकी खूश होते की रस्त्याच्या कडेला उभी राहून एका रिकाम्या ट्रकलाही हात केला.

आणि इथं मी माझी चूक केली. उपकाराची फेड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी सातही खोल्यांना चहाला बोलावलं आणि सगळ्यांदेखत भोयरजींना दुपट्टा-टोपी आणि नारळ दिला. बाबांच्या हातून दिला. दोन शब्दही बोलले, शाळेत बोलतात तसेच छापील. भोयरजींनी आमच्यासाठी खूप कष्ट घेतले, आता आम्हाला सगळं जमतं, त्यांनी आराम करावा. तिवारीजींनी टाळ्या वाजवल्या. भोयरजींनी टोपी घातली, नारळ कपाळाला लावला आणि गेले. संध्याकाळी ते आले नाहीत. मला वाटलं, आराम करत असतील.

चार दिवस आले नाहीत. बाबा काच पुसताना विचारायचे, "भोयर काहून नाही आला वं?" पहाटे नळावर जाताना मला त्यांच्या खोलीत दिवा दिसायचा. शंभराचा, खिडकीतून अंगणात पडलेला पांढराफटक उजेड. लवकर उठत असतील म्हटलं. पाचव्या दिवशी ते नळावर भेटले. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी सवयीप्रमाणे दरडावून विचारलं, "भोयरजी, काय हे? रात्री किती वाजता दिवा बंद केलात?"

"नाही केला," ते म्हणाले.

"का म्हणून? आणि आमच्याकडे येणं का बंद केलंत?"

ते बादलीत पडणाऱ्या धारेकडे बघत राहिले. "खानीतूनबी असंच देल्लं होतं बाई. दुपट्टा, टोपी, नारळ. सायब चांगलं बोलले. दुसऱ्या दिवशी मी आपला सवयीनं गेलो, तर खिडकीत दुसरा मानूस. म्हने, भोयरजी, तुम्ही आता आराम करा."

बादली भरून वाहायला लागली. मी नळ बंद केला नाही.

"मले अंधाराचं भेव नाही," ते म्हणाले. "पन आपल्याच हातानं बत्ती बंद केली का झोप येत नाही. बायको होती तोवर तेच बंद करे. मी पडलो का तिच्या बांगड्या वाजत अन् बटन वाजे, मंग डोळा लागे. आता बटनापाशी हात जाते, अन् वाटते, घरात बाकी कोनी आहे का नाही ते दिसू दे. तुमच्याकडे खुर्चीवर बसल्याबसल्या चांगला डोळा लागे जी. तपासनी गिपासनी काही नव्हती."

मी पंधरा वर्षं गणित शिकवते आणि खोटं बोलत नाही. त्या दिवशी नळावर उभी राहून धडधडीत बोलले. "भोयरजी, चार दिवस झाले, बाबा झोपलेले नाहीत. तुमच्याशिवाय काही जमत नाही आम्हाला." त्यांनी चटकन वर पाहिलं. "उजेड कच्चा राहत असन," ते म्हणाले. "पाहतो."

संध्याकाळी आठला आले. दाढी केलेली, खिशात पेचकस. बाबा अंथरुणावर डोळे मिटून पडले होते. भोयरजींनी टोपली जरा डावीकडे सरकवली, पायली जरा उजवीकडे, म्हणाले, "आता बराबर आहे," आणि खुर्चीवर बसले. पाच मिनिटांत त्यांची मान छातीवर आली. मी वह्या तपासायला घेतल्या.

एवढ्यात बाबा उठले. अंथरुणातून सरळ उभे राहिले आणि दाराच्या दिशेनं चालू लागले. बाहेर ट्रक चालले होते. पोळा, दादा, कडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी वही टाकून उठले.

बाबा दारापर्यंत गेलेच नाहीत. खुर्चीपाशी थांबले. आपल्या खांद्यावरची गोधडी काढून त्यांनी भोयरजींच्या अंगावर घातली, मानेपाशी नीट खोचली, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"बत्ती बंद कर वं पोरी. झोपू दे त्याले. मी आहे त्याच्यापाशी."